सासरचा कागद आणि माहेरचा कागद

मी डॉक्टर होणार हे आमच्या मांडवीत ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी शेजारच्या नानी आपला दुखरा गुडघा घेऊन आमच्या पायरीवर येऊन बसल्या. आईने त्यांना घावन आणि चहा दिला आणि समजावलं, "गुडघ्याची नाही हो नानी, मनाची डॉक्टर. आणि तीसुद्धा प्रवेश मिळाला तर." नानींनी घावन खाल्लं, चहा प्यायल्या आणि उठता उठता म्हणाल्या, "मनाचं काय, ते आपलं आपण बघतो. गुडघ्याचं कोणी बघत नाही." मी तेव्हा तोंड फिरवून हसले. आता हसत नाही. सगळा जन्म या धंद्यात घालवल्यावर मला कळलंय की नानी चुकत होत्या. पण त्यांच्यासारखं बोलणारी माणसंच माझ्याकडे सगळ्यात उशिरा येतात, आणि येतात तेव्हाही आधी गुडघ्याचंच सांगतात.

अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात गणित शिकवायचे. संध्याकाळी आमच्याच पडवीत शिकवणी असायची, तीही फुकट, त्यामुळे पोरांची कधी वाण नव्हती. घरात सतत पाढे, फळ्यावर खडूची करकर आणि मागे समुद्राची गाज, या तिन्हींची एवढी सवय की सुट्टीच्या दिवशी पहिले दोन आवाज बंद झाले की कानाला चुकल्यासारखं व्हायचं. अण्णा घरात फार बोलत नसत. सगळं बोलणं त्या पडवीतच संपून जाई. पण माझ्या शिक्षणाचं प्रकरण त्यांनी मनावर घेतलं आणि एकदा शिकवणी आटोपल्यावर फळ्यावर सगळं उतरवून काढलं. आधी बी.ए. मग मानसशास्त्रात एम.ए., तेही पंचावन्न टक्क्यांच्या वर. मग प्रवेश परीक्षा आणि मुलाखत, त्यातून मूठभर जागा. मग इस्पितळाला जोडलेल्या संस्थेत पूर्ण वेळ दोन वर्षं, तिथे पास झालं की सरकारी नोंदणी, म्हणजे पेशंटसमोर एकट्याने बसायची मुभा. आणि एवढं केल्यावर पीएच.डी. तिला पुन्हा प्रवेश परीक्षा, पुन्हा मुलाखत. मार्गदर्शकाकडे जागा रिकामी हवी. आपण काय शोधणार त्याचा आराखडा समितीपुढे मांडायचा, तो पटला तर नोंदणीचं पत्र. त्यानंतर काही महिने वर्गातला अभ्यास, दर सहा महिन्यांनी प्रगतीचा अहवाल, शेवटी प्रबंध, बाहेरगावचे परीक्षक आणि चारचौघांसमोर तोंडी परीक्षा. फळा भरला. अण्णा मागे सरकून बघत राहिले आणि म्हणाले, "सीतेच्या स्वयंवरात एकच धनुष्य होतं गो." त्यावर आई आतून म्हणाली, "पण ती धनुष्य उचलायला नव्हती गेली, वरायला गेली होती." आमच्या घरात शेवटचा शब्द नेहमी स्वयंपाकघरातूनच येई.

त्यातली दोन वर्षांची पायरी मी परगावी राहून चढले. ती दोन वर्षं कशी गेली ते सांगायचं तर एका बाईंचंच नाव घ्यावं लागेल. आमच्या विभागात सामंत बाई होत्या. सुती साडी, पायात साध्या चपला, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. सकाळी वॉर्ड, दुपारी बाह्यरुग्ण विभाग, आणि रोज संध्याकाळी आपण घेतलेली एकेका पेशंटची हकिकत बाईंपुढे वाचायची. दहा पानं लिहून न्यावीत, बाई सगळी ऐकून घेत आणि विचारत, "ते जेवतात काय?" ते मला माहीत नसे. मग मी परत वॉर्डात. "त्यांना घरी काय म्हणून हाक मारतात?" तेही माहीत नसे. परत वॉर्डात. पहिल्या वर्षी मला बाईंचा इतका राग यायचा की खोलीवर येऊन मी उशीला बुक्के मारत असे. दुसऱ्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ तीन आठवडे कोणाशी एक शब्द बोलत नव्हते, बाई रोज त्यांच्या शेजारी बाकावर पाव तास नुसत्या बसायच्या, आणि बाविसाव्या दिवशी ते म्हणाले, "तुम्हाला घरी कामं नाहीत का?" बाई म्हणाल्या, "आहेत ना. पण तुम्हाला भेटून जाते." मी दारात उभी होते. असं बसता आलं पाहिजे, एवढंच मला त्या क्षणी वाटलं. मी हुशार होते, माझी टिपणं सुरेख असत, परीक्षेत नंबर येई, पण मला तसं बसता येत नव्हतं.

म्हणून पीएच.डी. करायची ती बाईंच्याच हाताखाली, हे मी ठरवून टाकलं. प्रवेश परीक्षा झाली, मुलाखत झाली. अडचण एकच होती. बाईंकडे एकच जागा शिल्लक होती आणि निवृत्ती जवळ आल्यामुळे पुढच्या वर्षापासून त्यांना नवा विद्यार्थी घेता येणार नव्हता. समितीने या खेपेला माझा आराखडा मान्य केला तर ठीक, नाहीतर बाई हातच्या गेल्या. मी विषय निवडला होता आमच्याकडचाच. कोकणात घर म्हटलं की कोणीतरी बाहेर गेलेलं असायचंच, नवरा मुंबईला नोकरीत, मुलगा बोटीवर, मुलगी शिकायला. मागे राहिलेल्या बाईच्या मनाचं काय होतं, हे मला शोधायचं होतं. वीस प्रश्नांचा कागद तयार केला: झोप लागते का, रडू येतं का, आपलं कोणी नाही असं वाटतं का, असे. प्रत्येक प्रश्नापुढे चार घरं, कधीच नाहीपासून नेहमीपर्यंत, आणि एका प्रश्नाला एकच खूण. बेरीज एका ठरावीक रेषेच्या वर गेली तर त्या बाईला तसं सांगायचं आणि मदत मिळेल अशा ठिकाणी पाठवायचं, हा नियम. हा नियम मी पाठ केला होता.

खरं काम सुरू करण्यापूर्वी कागद थोड्या बायकांवर तपासून बघायचा असतो. सगळ्यात आधी मी तो आईला विचारला, वेळ किती लागतो ते बघायला. ती विळीवर फणसाची भाजी चिरत होती, पुढच्या खोलीत अण्णा वर्तमानपत्र वाचत होते. आईने विसाच्या वीस प्रश्नांना "कधीच नाही" असं सांगितलं आणि विचारलं, "झालं? कढईत तेल घाल जरा." सात मिनिटं. मी तिच्या कागदावर पहिला म्हणून एक नंबर टाकला, तिची सही घेतली आणि आतल्या एका गावात गेले. तिथे तीस घरं फिरले. प्रत्येक घरात मला पाट मिळाला, चहा मिळाला, कोणी आंबोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. सासूबाई शेजारी बसून तांदूळ निवडायच्या, सून दाराच्या चौकटीला टेकून उत्तरं द्यायची, आणि उत्तरं कशी तर धुतलेल्या तांदळासारखी. त्रास म्हणून कोणाला नाही. मी मनात म्हटलं, बघा, आमच्या कोकणातल्या बायका किती खंबीर. तसाच निष्कर्ष लिहिला आणि सामंत बाईंपुढे नेऊन ठेवला.

बाईंनी एकेक कागद उलटला. मग विचारलं, "खोलीत कोण कोण होतं?"

मी म्हटलं, "त्यांच्या घरचे."

"म्हणजे कोण?"

"सासूबाई. एक-दोन ठिकाणी मोठे दीर."

"त्यांना बाहेर जायला का नाही सांगितलंस?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "बाई, त्यांच्याच घरात त्यांना बाहेर जा कसं सांगणार?" हे सांगताना मला जराही वावगं वाटलं नाही, हेच खरं. परगावचा माणूस असता तर त्याने पुस्तकात लिहिलंय तसं पहिल्या घरातच सांगितलं असतं की मला यांच्याशी एकटीशी बोलायचंय. कोणी तोंड वाकडं केलं असतं, कोणी उठलं असतं. मी आपल्यातली. मोठी माणसं बसली आहेत तर ती बसणारच, आणि सुनेला त्यांच्यासमोर दुःख विचारायचं म्हणजे घरातलं भांडं रस्त्यावर आणून आपटायचं. त्या बायकाही आपल्यातल्याच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी झाकल्या मुठी मोजून आले होते. बाई म्हणाल्या, "हे तीस कागद समितीपुढे नेऊ नकोस. दुसरं काही असेल तर बघ." समितीला पाच आठवडे उरले होते.

मी रडत मांडवीला आले. आईने कुळथाची पिठी आणि भात वाढला, मी ताटावर बसून सगळं सांगितलं, आणि आई हसायला लागली. "सासरी बसून बाई कधी खरं बोलेल काय गो? एवढी शिकलीस आणि हे कोणी सांगितलं नाही? माहेरी विचार त्यांना. मे महिना आहे, निम्म्या तर गेल्याच असतील." काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. अण्णांनी जेवता जेवता मान वर केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. तोच अंक, जागा बदलली की किंमत बदलते." आणि पुन्हा मान खाली घालून जेवू लागले.

आईचं माहेर हेदवी. दरवर्षी मे महिन्यात ती आठ दिवस तिथे जाई. या खेपेला मीही गेले. मामा आणि मामी कलमांच्या बागेत असायचे, घर दुपारी रिकामं. परसात मांडव घातलेला, त्याखाली आई रातांबे फोडत बसली होती, आमसुलं घालायची म्हणून. हात मनगटापर्यंत लाल. मी सहज म्हणून, अगदी सहज, पिशवीतून कागद काढला आणि म्हटलं, "तूच म्हणालीस ना माहेरी विचार. चल, तुझ्यापासून." तिचे हात भरलेले, म्हणून खुणा मीच करणार होते. पहिल्या प्रश्नाला ती थांबली. झोप लागते का. मग म्हणाली, "दोन वाजल्यानंतर नाही लागत." मी तिच्याकडे बघितलं. "लिही," ती म्हणाली. रडू येतं का? "रोज. तू कॉलेजातून यायचीस त्या वेळेला. चहा अजून दोन कप टाकते मी, हात ऐकत नाही. मग एक ओतून टाकते." आपलं कोणी नाही असं वाटतं का? तिने हातातला रातांबा न फोडता परत टोपलीत ठेवला. "हे वाईट नाहीत गो. देवमाणूस आहेत. पण बोलत नाहीत. तू बोलायचीस." वीस प्रश्न संपायला तासभर लागला. मी बेरीज केली आणि ती रेषेच्या बरीच वर होती. माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती, सांगायला लाज वाटते, माझ्या डोळ्यांसमोर समिती होती. एकच बाई, दोन घरं, दोन उत्तरं. मला माझा आराखडा सापडला होता.

मी आईला विचारलं, हे वापरू का. ती म्हणाली, "नाव नको. बाकी खरं ते लिही." पुढच्या तीन आठवड्यांत त्या तिसांतल्या सहा जणींना मी त्यांच्या त्यांच्या माहेरी जाऊन गाठलं, एसटीने, पायी, एकदा अंजनवेलला जाणाऱ्या टेम्पोत बसून. सहाही जणींची उत्तरं बदलली होती. दोघींची बेरीज रेषेच्या वर होती; त्यांना मी नियमाप्रमाणे सांगितलं, एकीबरोबर स्वतः तालुक्याच्या दवाखान्यात गेले. मला माझं फार कौतुक वाटत होतं. आता ते सगळं आठवलं की त्या सत्तावीस वर्षांच्या मुलीला खुर्चीत बसवून पाणी द्यावंसं वाटतं.

समितीत पाच जण होते. मी सात बायकांच्या सात जोड्या मांडल्या. सासरचा कागद, माहेरचा कागद. मी म्हटलं की मोठा अभ्यास असाच करीन, प्रत्येक बाईला दोन्ही ठिकाणी भेटेन. एकाने विचारलं, माहेरी बायका वाढवून सांगत नसतील कशावरून? मी म्हटलं, असेलही, पण म्हणून सासरचं उत्तर खरं ठरत नाही. तिथे ती बाई आपलं दुःख सांगत नव्हती, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांभाळत होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. झालं, असं मला वाटलं. तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका वयस्कर मॅडमनी माझा तक्ता जवळ ओढला. "यात तिघी रेषेच्या वर आहेत. दोन आणि पाच नंबरपुढे मदतीची नोंद आहे. एक नंबरपुढे रकाना रिकामा आहे. या बाईंसाठी तुम्ही काय केलंत?"

मी सामंत बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, पण मदतीला आल्या नाहीत. मी म्हटलं, "काही नाही केलं, मॅडम. ती माझी आई आहे."

तक्ता मी परत माझ्याकडे ओढला. मी घाईने म्हटलं, "मी तो कागद काढून टाकते. सहा जोड्याही पुरतील."

त्या म्हणाल्या, "कागद काढता येईल. बाईंना कसं काढाल?"

निर्णय असा झाला: आराखडा मान्य, पण नोंदणीचं पत्र लगेच नाही. आठ दिवसांत एक नंबरच्या बाईंची सही आणायची की त्यांची बेरीज त्यांना सांगितली, तिचा अर्थ सांगितला आणि संशोधक सोडून दुसऱ्या कोणाची मदत देऊ केली. सही नसेल तर पत्र नाही. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हटलं, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. बाई म्हणाल्या, "सांगितलं असतंस तर मी तुला तेव्हाच घरी पाठवलं असतं. आता जा. रत्नागिरीत माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, गुरुवारी पेशंट बघायला बसतात, त्यांचं नाव लिहून देते." त्यांनी तिथेच उभ्याने नाव लिहून दिलं. आज माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. ते चुकले की मी बाईंसारखं वागायचा प्रयत्न करते, आणि अजूनही मला ते निम्मंच जमतं.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. अण्णा शाळेत होते. आई मागच्या पायरीवर बसून आमसुलं बरणीत भरत होती. मी शेजारी बसले. दोन वर्षं परक्या माणसांना मी हे किती नीट सांगायला शिकले होते, आवाज कसा ठेवायचा, कुठे थांबायचं, तिच्यासमोर ते सगळं पाण्यात गेलं आणि मी नुसतंच म्हटलं, "आई, तुझी बेरीज फार जास्त आलीये."

"म्हणजे नापास?"

"नापास नाही. तुला त्रास होतोय. खूप. आणि मला तो हेदवीलाच कळला होता आणि मी काही केलं नाही, नुसता लिहून घेतला." एवढं बोलून मी रडायला लागले. तिने बरणीचं झाकण लावलं, हात पदराला पुसले आणि माझ्या पाठीवरून फिरवले. मग मी तिला सगळं सांगितलं, समितीचं, रिकाम्या रकान्याचं, गुरुवारच्या बाईंचं. कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिने तो दोनदा वाचला. चष्मा नव्हता, लांब धरून वाचला.

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर पत्र मिळणार नाही."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बाई नाहीत."

"म्हणजे तू इथेच राहशील."

"हो," मी म्हटलं. आणि मी ते खरं म्हटलं होतं. त्या घटकेला तिने नुसती मान हलवली असती तर मी राहिले असते, रत्नागिरीत कुठेतरी शिकवलं असतं, रोज वेळेवर चहाला आले असते. ते तिलाही कळत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. काही विचारायचं नाही, काही भरायचं नाही, नुसतं बसायचं, तेवढंच माझ्या हातात होतं. समोरच्या दगडी गडग्यावर कावळा येऊन बसला आणि उडून गेला. तिने हात पुढे केला आणि मी पेन दिलं.

सही तिने सावकाश केली, पूर्ण नाव घालून. गुरुवारच्या बाईंकडे जाईन, या ओळीपुढेही खूण केली, आणि म्हणाली, "यांना मीच सांगते संध्याकाळी. तू मध्ये पडू नको." मग कागद माझ्याकडे देता देता थांबली.

"रडू येतं ते खरं आहे. ते खोडायचं नाही हां. आणि तू जायला पाहिजेस, तेही माझ्या मनात तेवढंच खरं आहे. दोन्ही लिहायला जागा नाही काय गो तुझ्या कागदात?"

नव्हती. एका प्रश्नाला एकच खूण, असा नियम मीच केला होता. मी पत्र घ्यायला परत गेले आणि पहिल्या आठवड्यात सामंत बाईंसमोर बसून ते विसाच्या वीस प्रश्न खोडले.